अमानत आणि नक्कल

नवा संगणक घरात आला त्या संध्याकाळी मुलीने जुन्या संगणकाला बाहेरची हार्डडिस्क जोडली आणि मला विचारले, "अब्बा, सगळंच घेऊ ना?"

मी चहा पीत होतो. "हो, सगळंच घे," असे सहज म्हणून गेलो. पाचच मिनिटांनी तिने पुन्हा हाक मारली. "अब्बा, हे 'लोकांचे' नावाचं फोल्डर कसलं आहे? यात चार हजारांवर फाइली आहेत. याही घ्यायच्या?"

मी कप खाली ठेवला. त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या संध्याकाळी देता आले नाही. पुढचे दीड महिना त्यातच गेले. त्या दीड महिन्यात जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात शिक्षक होतो. २००३ मध्ये मी पहिला संगणक घेतला तेव्हा आमच्या मोहल्ल्यात दुसरा नव्हता. साहजिकच लोक येऊ लागले. कोणाला अर्ज टाइप करून हवा, कोणाला लग्नाची पत्रिका, कोणाला मुलाच्या नोकरीसाठी माहितीपत्र. पुढे स्कॅनर आला. अल्पसंख्याक मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिचे अर्ज ऑनलाइन भरावे लागू लागले, तशी माझ्या ओसरीवर रांग लागू लागली. उत्पन्नाचे दाखले, बँकेची पासबुके, आधार कार्डे, हज कमिटीचे अर्ज, पासपोर्ट, सगळे माझ्या संगणकात आले. काम झाले की लोक मूळ कागद घेऊन जात. नक्कल माझ्याकडे राही. "असू दे, पुन्हा उपयोगी पडेल," असे मी म्हणे. तेही म्हणत, "असू द्या सर, तुमच्याकडं सांभाळून राहील."

यात वाईट काही नव्हते. पैसे घेत नव्हतो, कोणाचे गुपित फोडत नव्हतो. उलट आपण कौमची थोडी खिदमत करतो आहोत याचे समाधानच होते.

पूर्वी माणूस घर बदलायचा तेव्हा ट्रंक लहान पडायची. काय न्यायचे आणि काय ठेवायचे हे ठरवल्याशिवाय गत्यंतर नसे. एकेक वस्तू हातात घ्यावी लागे. ती घेताना ही कोणाची, कधी आणली, परत द्यायची राहिली का, हे आपोआप आठवे. शेजारणीचे पातेले घर बदलतानाच सापडते आणि परत जाते. संगणकाच्या स्थलांतरात ही अडचणच उरलेली नाही. माझ्या जुन्या संगणकातले सगळे सामान नव्याच्या एका कोपऱ्यात मावत होते. जागा अपुरी नसली की निवड करावी लागत नाही, आणि निवड करावी लागली नाही की प्रश्नही पडत नाही.

संगणक बनवणाऱ्यांनीही हे काम सोपे करत आणले. विंडोज एक्सपीमध्ये २००१ साली 'फाइल्स अँड सेटिंग्ज ट्रान्सफर विझार्ड' नावाची सोय आली. पुढे व्हिस्टा आणि विंडोज सेव्हनमध्ये तिचे नाव 'ईझी ट्रान्सफर' झाले. २०११ मध्ये मी दुसरा संगणक घेतला तेव्हा याच सोयीने पहिल्या संगणकातले सगळे दुसऱ्यात आणले होते. दोन-चार वेळा 'नेक्स्ट' दाबले आणि रात्रभरात सामान हलले. एकही फाइल हातात घेऊन पाहिली नाही. 'ईझी' म्हणजे सोपे. कोणाची वस्तू आपण कुठे नेतो आहोत हे न विचारता नेणे, हेही त्या सोपेपणात आले.

फाइलची नक्कल करताना तिचा मजकूर येतो, नाव येते, शेवटचा बदल कधी झाला ती तारीखही येते. पण तो कागद देताना माणूस काय म्हणाला होता, ते येत नाही. "एवढ्या कामापुरताच हं सर," असे एखादा म्हणालेला असतो. "आमच्या थोरल्याला कळू देऊ नका," असे एखादी बाई दाराशी थांबून सांगून गेलेली असते. ही शर्त फाइलमध्ये कुठेच लिहिलेली नसते. ती फक्त माझ्या ध्यानात होती, आणि माझे ध्यान आता सत्तरीकडे झुकले आहे. फाइल येते, शर्त येत नाही. ज्या शिष्यवृत्तीसाठी शेकडो मुलांची कागदपत्रे मी साठवली, ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी २०२२ मध्ये बंदही झाली. ती मुले आज बापाच्या वयाला आली, पण त्यांचे चौथीतले फोटो आणि त्यांच्या वडिलांचे खातेक्रमांक माझ्याकडे तसेच होते. काम संपले होते, शर्त संपली होती, नक्कल मात्र उरली होती.

आपल्याकडे याला एक शब्द आहे. अमानत. तो आपण लहानपणापासून इतका ऐकतो की त्याचा अर्थ विचारावासा वाटत नाही. अमानत म्हणजे केवळ सांभाळायला दिलेली वस्तू नव्हे. जी वस्तू माझ्या ताब्यात आहे पण जिच्याबद्दलचा निर्णय माझा नाही, ती अमानत. मजलिसमध्ये विश्वासाने बोललेला शब्दसुद्धा अमानत असतो, असे आपल्याला शिकवलेले आहे.

संगणकातल्या स्थलांतराला इंग्रजीत 'मायग्रेशन' म्हणतात. हा शब्द मुलीच्या तोंडून ऐकला आणि मला हिजरत आठवली. तुलना करायची म्हणून नाही, ते धाडस मी करणार नाही. पण इ. स. ६२२ च्या त्या प्रवासातली एक गोष्ट अशा वेळी मनात आल्यावाचून राहत नाही. मक्केचे लोक पैगंबरांच्या (स.) जिवावर उठले होते, आणि त्याच मक्केतल्या लोकांच्या मौल्यवान चीजवस्तू त्यांच्याकडे ठेवलेल्या होत्या, कारण विरोध करणाऱ्यांनाही ते 'अल-अमीन' वाटत होते. त्यांनी मक्का सोडली तेव्हा हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. कशासाठी? ज्याची अमानत त्याला परत करण्यासाठी. ते काम पुरे करून मगच हजरत अली मदीनेकडे निघाले.

जिवावर बेतलेले असतानाही, सोबत काय न्यायचे याइतकीच कोणाचे काय परत करायचे याची काळजी तिथे होती. आणि मी, चहा पिता पिता, "सगळंच घे" म्हणालो होतो.

पण इथे एक खरी अडचण आहे, आणि ती आपल्या पूर्वजांपुढे नव्हती. पातेले परत केले की ते माझ्या घरातून जाते. परत करणे आणि आपल्याजवळ न उरणे ही एकच क्रिया असते. फाइलचे तसे नाही. मी ती पेनड्राइव्हवर घालून मालकाच्या हाती दिली तरी माझ्याकडची जागची हलत नाही. म्हणजे परत देऊनही मी ती ठेवलेलीच असते. नकलेच्या जगात अमानत फेडायला दोन कामे करावी लागतात: देणे आणि पुसणे. यातले दुसरे आपण करत नाही, कारण ते न केल्याचे कोणाला दिसत नाही.

आणि पुसणे म्हणजे तरी काय? मुलीने मला समजावले. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली तरी साध्या हार्डडिस्कवर मजकूर बराच काळ तसाच राहतो. ग्रंथालयातल्या सूचीतले कार्ड फाडावे आणि पुस्तक मात्र फळीवर राहू द्यावे, तसे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जात नाही तोवर जाणकार माणूस ते पुस्तक काढू शकतो.

हे ऐकले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कारण मला २०११ आठवले. दुसरा संगणक आल्यावर पहिला मी भंगारवाल्याला दिला होता. हार्डडिस्कसकट. देण्यापूर्वी फाइली डिलीट केल्या होत्या आणि आपण जबाबदारीने वागलो असे मानले होते. आठ वर्षांत लोकांनी विश्वासाने दिलेले सगळे त्या डिस्कवर होते. ती कुठे गेली, वितळली की कोणाच्या हाती लागली, हे आता कधीच कळणार नाही.

हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, यांबाबत आपले उलेमा एक गोष्ट नेहमी सांगतात. अल्लाहचा हक्क चुकला तर त्याच्याकडे तौबा करावी. माणसाचा हक्क चुकला तर त्या माणसाकडेच जावे लागते. जायनमाजवर बसून तो हिशेब मिटत नाही. म्हणून मी यादी करायला बसलो.

मुलगी समजूतदार आहे, पण तिने वाद घातला, आणि तो रास्त होता. ती म्हणाली, "अब्बा, पुसून टाकाल आणि उद्या लोक मागायला येतील. महापूर आठवा." ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत घराघरांत शिरले होते. पाणी ओसरल्यावर लोकांनी चिखलाने चिकटलेले दाखले दोरीवर वाळत घातले होते. तेव्हा आमच्या ओळखीतली तीन-चार कुटुंबे माझ्याकडेच आली होती. "सर, आमचं स्कॅन असंल ना तुमच्याकडं?" होते. ते कागद हाती पडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते मी विसरलेलो नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि नागरिक नोंदणीची चर्चा गल्लीगल्लीत पोहोचली. तेव्हा तर आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, जुने सातबारा, जन्ममृत्यूचे उतारे घेऊन माणसे रात्री दहापर्यंत येत होती. मूळ कागद जाईल या धास्तीने त्यांना नक्कल हवी होती, एका जागी नव्हे, दोन-तीन जागी हवी होती.

तेव्हा पुसणे म्हणजे नेहमीच इमानदारी, असे नाही. ज्याच्यापाशी दुसरी प्रत नाही त्याची एकमेव प्रत न विचारता पुसून टाकणे, हीसुद्धा खयानतच. ठेवणे चूक, पुसणेही चूक, मग बरोबर काय?

बरेच दिवस मी या पेचात होतो. मग लक्षात आले की मी प्रश्नच चुकीचा विचारतो आहे. ठेवू की पुसू, हे मी ठरवायला बसलो होतो. अमानतीचा अर्थच हा, की ते ठरवणे माझ्याकडे नाही. मी केलेली चूक फाइली ठेवण्याची नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही कोणाला न विचारण्याची होती.

मग विचारायला निघालो. एकशे साठ घरे झाली. काहींना फोन, काहींकडे स्वतः. प्रत्येकाला दोन गोष्टी सांगितल्या. तुमचे हे हे माझ्याकडे आहे, त्याचे काय करू? आणि दुसरी, २०११ पूर्वीचे काही असेल तर ते माझ्या निष्काळजीपणाने कुठे गेले ते मला ठाऊक नाही, मला माफ करा.

बहुतेक जण हसले. "सर, कशाला इतकं मनाला लावून घेता? राहू द्या तुमच्याकडंच." त्यांचे मी ठेवले, पण आता ते त्यांच्या शब्दावर ठेवले आहे, माझ्या सवयीवर नाही. काहींनी पेनड्राइव्ह दिले. एका तरुणाने माझ्यासमोर बसून, स्वतःच्या डोळ्यांदेखत पुसायला लावले. क्षणभर मला अपमान वाटला. मग वाटले, याने माझ्यावर अविश्वास दाखवला नाही, स्वतःचा हक्क वापरला.

एका घरी मात्र असे घडले की तेवढ्यासाठीही हा सारा खटाटोप सार्थकी लागला असे म्हणेन. त्या घरच्या मुलीने बऱ्याच वर्षांपूर्वी खुल्यासाठीचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला होता. का वेगळे व्हायचे आहे, ते सगळे त्यात होते. पुढे तिचे दुसरे लग्न झाले, संसार मार्गी लागला. मी ती फाइल साफ विसरलो होतो. फोनवर मी जेमतेम विषय काढला आणि ती हळूच म्हणाली, "सर, ते अजून असंल का हो तुमच्याकडं?" आहे म्हणालो. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी रोज नाही, पण अधूनमधून विचार करायची. विचारायचं कसं, तेच कळत नव्हतं." रस्त्यात भेटली की ती मान खाली घालून का निघून जायची, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती. ज्याला आपण 'सुरक्षित आहे' म्हणतो, ते कोणाच्या तरी मनात इतकी वर्षे टोचत असू शकते.

दुसरी गोष्ट एका मरहूम एसटी चालकाची. त्यांनी २००४ मध्ये नातवंडांसाठी आपल्या आठवणी सांगितल्या होत्या, मी टाइप केल्या होत्या. वीस-बावीस पाने. ती फाइल दोन्ही स्थलांतरांतून सुखरूप आली होती. उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. तेव्हा आपण मराठी ज्या फॉन्टमध्ये लिहायचो, त्यांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असे. तो फॉन्ट संगणकात असेल तरच मराठी दिसे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि ही अडचण सरली, पण जुने लेखन आपोआप बदलत नाही. मोडीतले कागद आपल्या कित्येक घरांत असे आहेत की जपलेले आहेत, पण वाचणारा नाही. तसेच हे. जुन्या सीडीतून फॉन्ट शोधला, मजकूर युनिकोडमध्ये आणला, मोठ्या अक्षरात छापला आणि त्यांच्या बेगमसाहेबांना नेऊन दिला. त्यांना वाचता येत नाही. नातवाने दोन पाने वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "असंच बोलायचे ते." वीस वर्षे मी ती फाइल सांभाळली होती, पण परत केली ती त्या दिवशी. वाचता न येणारी वस्तू नुसती हवाली केल्याने अमानत फिटत नाही.

फाइलींबरोबर 'सेटिंग्ज'ही न्यायच्या असतात. तिथे मला आणखी एक धडा मिळाला. ब्राउझर पासवर्ड लक्षात ठेवतो. अर्ज भरताना "लक्षात ठेवू का?" असे त्याने विचारले की मी 'हो' म्हणत आलो होतो. मोहल्ल्यातल्या कितीतरी जणांची खाती त्या यादीत होती. फाइल निदान डोळ्यांना दिसते. ही यादी न दिसता नव्या संगणकात गेली असती. पण माझी खरी सेटिंग संगणकात नव्हतीच. "असू दे, उपयोगी पडेल," ही ती सेटिंग. ती तर माझ्याबरोबर कुठल्याही नव्या यंत्रावर येणारच होती.

कोणी म्हणेल, यासाठी कायदा आहे. आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमुखाने सांगितले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण एखाद्या व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला तो कायदा लागू होत नाही. ओसरीवर बसून शेजाऱ्याचा अर्ज भरणाऱ्या म्हाताऱ्या मास्तराच्या दारात कोणी तपासनीस येणार नाही. कायदा उंबऱ्यापाशी थांबतो. अमानत हा शब्द उंबऱ्याच्या आतल्यांसाठी आहे.

सगळे मिटले, असे मात्र मी सांगणार नाही. एका बुजुर्गांचा वसीयतनामा माझ्याकडे आहे. पक्का नव्हे, कच्चा मसुदा. नंतर त्यांनी विचार बदलला आणि वेगळाच पक्का केला. ते वारले. मुलगे आज एकत्र जेवतात. हा मसुदा कोणाला परत करू? ज्यांची अमानत ते नाहीत. वारसांना दिला तर त्यांनी गिळलेला विचार मी बाहेर काढल्यासारखे होईल. पुसला तर एका मेलेल्या माणसाच्या शब्दाचा निकाल मी लावल्यासारखे होईल. एका आलिमांना विचारणार आहे. तोवर तो एका पेनड्राइव्हवर कपाटात आहे, आणि पेनड्राइव्हला चिठ्ठी बांधली आहे: माझे काही बरेवाईट झाले तर न उघडता नष्ट करावे.

जुन्या संगणकावरच्या विंडोज टेनच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, म्हणून नवा घ्यावा लागला होता. जुना एका विद्यार्थ्याला सरावासाठी द्यायचे ठरले. देण्यापूर्वी मुलीने त्याची डिस्क वरवर नव्हे, पूर्ण साफ करणारा पर्याय निवडला. त्याला रात्र लागली. टक्के सरकत होते आणि मी पाहत बसलो होतो. २०११ मध्येही ही रात्र जागता आली असती.

परवा शेजारचा मुलगा प्रवेशाचा अर्ज भरायला आला. दाखला स्कॅन करून झाल्यावर मी त्याला विचारले, "काम झाल्यावर याचं काय करू?" तो गोंधळला. त्याला आजवर कोणी असे विचारले नव्हते. विचार करून म्हणाला, "निकाल लागेपर्यंत ठेवा सर, मग काढून टाका." मी वहीत त्याचे नाव आणि ती तारीख लिहिली.

वाचकहो, तुमच्याही संगणकात, मोबाइलमध्ये असे एखादे 'लोकांचे' फोल्डर असेल. नावाने नसेल, पण असेल. कधीतरी नवे यंत्र घ्याल आणि ते तुम्हाला विचारेल, सगळेच न्यायचे का? 'हो' म्हणण्यापूर्वी एकदा ते उघडून पाहा, आणि ज्यांचे आहे त्यांना एक फोन करा.